एकसारख्या बरण्या

"आहे," मी म्हणाले.

"नीट बघ."

"नीटच बघतेय, आण्णा. आहे."

दिवा आडवा धरून मी काचेवर वाकले होते. वाफ बसू नये म्हणून श्वास रोखून धरला होता. मध्यापासून जरा डावीकडे, केसाएवढी बारीक आणि नखाएवढी लांब अशी ती रेघ दिसली. ह्या काचेवरची ही तिसरी रेघ होती.

आण्णा स्टुलावर बसून होते, ओले हात मांडीवर पालथे टाकून. रेघ बघायला ते उठले नाहीत. ज्याने घासलं त्याने तपासायचं नाही, असा त्यांचा नियमच होता. आपल्या हातचा दोष आपल्याला दिसत नसतो, तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावा, असं ते म्हणायचे आणि आम्हाला ते पटायचं. आण्णांचं सगळंच आम्हाला पटायचं.

"शालनला बोलव," ते म्हणाले.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कराडच्या बाहेर ओगलेवाडीच्या रस्त्याला तेव्हा आमचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणायचं ते नावाला. पुढे पत्र्याची शेड, मध्ये एक लांबट खोली आणि आत एक छोटी खोली. आण्णा पोतदार म्हणजे माझे सासरे, तिथे दुर्बिणीचे आरसे घासायचे. ताटाएवढी जाड काच घ्यायची, जाड एमरी आणि पाणी घालून दुसऱ्या काचेवर घासत घासत तिला खोलगट आकार आणायचा, मग बारीक एमरी, मग त्याहून बारीक, आणि शेवटी आतल्या खोलीत राळेच्या तबकडीवर गुलाबी पावडरने तिला चमक आणायची. एमरी म्हणजे दिसायला साधी राखाडी भुकटी, पण तिचा एक जाड कण जरी त्या शेवटच्या पॉलिशमध्ये गेला तरी काचेवर रेघ उमटते. मग काच परत मागे, बारीक एमरीवर. कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात.

म्हणून आण्णांच्या वर्कशॉपात देवघरापेक्षा कडक सोवळं होतं. शेडमधली चप्पल मधल्या खोलीत नाही, मधल्या खोलीतला टॉवेल आतल्या खोलीत नाही. फळ्यांवर जाड एमरी खाली आणि बारीक वर, म्हणजे सांडलं तरी जाडातलं बारकात पडणार नाही. एकाचा चमचा दुसऱ्यात घालायचा नाही. आणि डब्यात बोट तर कुणी म्हणजे कुणीच घालायचं नाही. नखात बसलेला कण साबणाला दाद देत नाही, हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. माझी नखं आण्णांनी स्वतः समोर उभं राहून कापायला लावली होती. माहेरी हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून लोळली.

जाड घासणं शालन करायची, बारीक मी, आणि पॉलिश फक्त आण्णा.

शालन शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिथून पुढे यायची तिला परवानगी नव्हती. दंडापर्यंत राखाडी चिखल, कपाळावर एक राखाडी पट्टा.

"काय वो आण्णा?"

"पाय धुऊन आलीस का सकाळी?"

"रोजच धुती की."

"मग मधल्या खोलीत जाड एमरी कशी येते? तुझ्या पदराला लागून येते. तुला कितींदा सांगितलं, पदर खोचून घे."

"खोचल्यालाच हाय बघा."

"उलटून बोलू नको. आजची धरून ही तिसरी रेघ आहे. अमावास्येच्या आत शाळेचे सर काच न्यायला येणार आहेत. परत रेघ आली तर तू उद्यापासून येऊ नको. समजलं?"

शालनने माझ्याकडे बघितलं. मी दिव्याची वायर गुंडाळत बसले. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची तेव्हा मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर रेघ कुठून येते हे मलाही ठाऊक नव्हतं.

काच माण तालुक्यातल्या एका शाळेची होती. तिथल्या पोरांनी लोखंडे सरांच्या हाताखाली दुर्बिणीची नळी, लाकडी तिकाटणं, सगळं तयार करून ठेवलं होतं. नुसता आरसा बाकी. त्या भागात पाऊस कमी, आभाळ बाराही महिने स्वच्छ. अमावास्येला चंद्र नसतो, त्या रात्री पोरांना तारे दाखवायचे असं सरांनी ठरवलेलं. पण मला त्या ताऱ्यांपेक्षा शालनची काळजी लागली होती. तिला मीच आणलं होतं. त्याआधी वर्कशॉपात दिवसभर मी, आण्णा आणि काचा. आण्णा सकाळी "आलीस?" आणि संध्याकाळी "निघूया," एवढं बोलायचे. शालन आली आणि शेडमध्ये माणसाचा आवाज आला. ती घासता घासता बोलायची, बोलता बोलता हसायची, नवऱ्याच्या उसाच्या ट्रॉलीपासून सासूच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची नक्कल करायची. तिचा हातही चांगला होता. दाब एकसारखा. हे आण्णांनीच ओळखलं होतं, आणि ही शाळेची काच गेली की एका लहान आरशावर तुला पॉलिशला बसवीन, असा शब्द दिला होता. त्या दिवसापासून शालन आतल्या खोलीच्या दाराकडे अशी बघायची, की मला तिची गंमत वाटायची आणि थोडा हेवाही.

"वैनी, म्या न्हाई हो," त्या दुपारी डबा खाताना ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग सांगा की त्यास्नी."

"काय सांगू? रेघ आली कुठून असं विचारतील. तेच कळत नाही."

"हुडका," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या हाय."

माझं शिक्षण बी.ए. मराठी. त्याने एमरीचा कण कसा हुडकायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी मी हुडकायला लागले. काच बारीक एमरीवर परत घासून आण्णांच्या हवाली केली आणि त्यांनी पॉलिश सुरू करायच्या आत सगळं वर्कशॉप उलटंपालटं केलं. भिंती पुसल्या, पत्र्याच्या फटींत कागद कोंबले, दारांना ओल्या चादरी लावल्या. पाणी फडक्यातून गाळलं. आधीची राळ खरवडून काढून नवी राळ वितळवून ओतली. रोज फळ्यांवरच्या सगळ्या बरण्या खाली काढायच्या, ओल्या फडक्याने बाहेरून पुसायच्या, फळ्या धुवायच्या आणि बरण्या परत मांडायच्या. रात्री अंथरुणावर पडलं तरी माझी बोटं काहीतरी पुसत असायची. श्रीरंग म्हणजे माझा नवरा, वैतागून गेला.

"अगं, बरण्यांना काय धक्का लावतेस? त्या हवाबंद आहेत. त्यातून कण बाहेर पडणार नाही की आत जाणार नाही. म्हणून तर आणल्या."

त्या बरण्या श्रीरंगने आणल्या होत्या. तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होता आणि लेबल हा त्याचा जीव की प्राण. आमच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' असं छापील अक्षरात लिहिलेलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत तो वर्कशॉपात आला, आण्णांचे जुने डबे बघून त्याने कपाळाला हात लावला. कशात काय ठेवलेलं! गुलाबी पावडर कडीच्या तुपाच्या डब्यात, एक एमरी तपकिरीच्या चपट्या डबीत, दुसरी बाळाच्या दुधाच्या गोल डब्यात, तिसरीला नुसती फडक्याची पुरचुंडी. झाकणं गंजलेली. त्याने एका दिवसात सगळं रिकामं करून एकसारख्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरलं. प्रत्येकीवर छापील आकडा, झाकणाला पेच. जाड खालच्या फळीवर, बारीक वरच्या, अगदी आण्णांच्याच नियमाने. जुने डबे भंगारवाल्याला दिले. आण्णांनी बरण्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान केलंस." मला फार बरं वाटलं होतं. बाप लेकाचं कौतुक करतोय, असा प्रसंग आमच्या घरात वर्षानुवर्षं यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शालन आली ती डोक्याला फडकं घट्ट गुंडाळून, पदर कमरेला करकचून बांधून आणि हात मोकळे घेऊन. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग आलं.

"शालन, बांगड्या कुठायत?"

"काढून ठिवल्या. एमरी बांगडीत बसत आसंल तर?"

"आणि सासू काय म्हणाली?"

"काय म्हणंल? काल रातीपास्नं जेवली न्हाई म्हातारी. म्हणली, माझा ल्योक जित्ता हाय."

आण्णा त्या वेळी तिच्या समोरून गेले. तिने हात पुढे करून दाखवले, "आण्णा, आता तर काय न्हाई बघा आंगावर." आण्णा थांबले, तिच्या हातांच्या दिशेने मान वळवली, "बरं," म्हणाले आणि आत गेले. एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका सवाष्णीने कामासाठी बांगड्या उतरवल्या, आणि हा माणूस नुसतं "बरं" म्हणतो? घरात हेच आण्णा, माझ्या हातातली एक बांगडी वाढवली तर लगेच दुसरी आणायला पाठवणारे.

चौथी रेघ आली.

त्या दिवशी मी शालनला वर्कशॉपात पाऊलही ठेवू दिलं नव्हतं. तिला गेटाबाहेर कडुनिंबाखाली बसवून ठेवलं होतं. रेघ दिसल्यावर मी आण्णांना ते सांगितलं. पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात.

"आज शालन आतच आली नव्हती, आण्णा."

"कालची धूळ असेल."

"काल सगळं धुतलं होतं मी."

"मग तू धुतलंस त्यात राहिली असेल," ते म्हणाले. आवाज शांत, पण बोटं गुडघ्यावर वाजत होती. "उज्ज्वला, तू फार त्रागा करतेस. त्रागा करणाऱ्याच्या हातून स्वच्छता होत नाही. बोलतो मी आज तिच्याशी संध्याकाळी. तिला दुसरीकडे काम मिळेल."

मी बाहेर आले. मला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता. शालन झाडाखालून माझ्याकडे बघत होती. मी तिला हाताने खूण केली, थांब म्हणून. तिच्याजवळ जायचं धैर्य झालं नाही.

आण्णा रोज जेवणानंतर नवी पावडर कालवायचे, ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॉलिशलाही पुरायची. त्या वेळी मी घरी जायचे, त्यांना ते काम एकट्यानेच करायचं असायचं. त्या दुपारी मी गेले नाही. गेटाचा आवाज केला आणि अनवाणी मागे फिरून मधल्या खोलीत ओल्या चादरीपाशी खाली बसले. खरं म्हणजे मला काही पकडायचं नव्हतं. एवढं सगळं धुऊन, पुसून, गाळून झालं होतं. आता फक्त बघायचं उरलं होतं.

आण्णा आले. टॉवेलाला हात पुसले. फळीसमोर उभे राहिले. वरच्या फळीवर सगळ्यात बारीक माल होता, तीन बरण्या शेजारी शेजारी. दोन एमरीच्या आणि एक गुलाबी पावडरची. सकाळीच पुसून मी त्या हाताला येतील तशा मांडल्या होत्या. लेबलं होती ना, मग कशीही मांडली तरी काय बिघडतं?

आण्णांनी पहिली बरणी काढली. झाकण फिरवलं. आणि आत बोट घातलं.

मला वाटलं, मला भास होतोय. त्यांनी बोट बाहेर काढलं, अंगठ्यावर घासलं, डोळे मिटले. मान हलवली. बरणी ठेवून दुसरी काढली आणि तेच बोट तिच्यात घातलं. घासलं. परत मान हलवली. बोट टॉवेलाला पुसलं आणि तिसऱ्या बरणीत घातलं. ह्या वेळी त्यांचा चेहरा मोकळा झाला. ती बरणी त्यांनी पोटाशी धरली आणि आतल्या खोलीकडे वळले.

मी त्यांच्या वाटेतच बसले होते, भिंतीला पाठ लावून. ते माझ्या अंगावरून जातील इतक्या जवळून गेले. हिरवी साडी नेसलेली अख्खी सून जमिनीवर बसली होती आणि ते माझ्याकडे बघून गेले, जसं माणूस पोत्याकडे बघून जातं.

सगळं एकदम कळलं. घासणाऱ्याने तपासायचं नाही, हा नियम. सकाळी श्रीरंगकडून पेपर वाचून घ्यायचा, कारण 'तुझा आवाज चांगला आहे'. शालनच्या मोकळ्या हातांना 'बरं'. आणि तुपाचा डबा, त्याची कडी, तपकिरीची चपटी डबी, दुधाचा गोल डबा. त्या सगळ्यांना आण्णा हाताने ओळखत होते. हातात कडी आली की गुलाबी. लेबल वाचायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. श्रीरंगने एका दिवसात वर्कशॉप व्यवस्थित केलं आणि त्याच दिवशी आण्णा आंधळे झाले.

"आण्णा," मी म्हणाले.

ते वळले. माझा आवाज जिथून आला तिथे बघत राहिले, जरासं वर, माझ्या डोक्यावरून.

"तू घरी नाही गेलीस?"

"कधीपासून दिसत नाही?"

ते बरणी खाली ठेवून स्टुलावर बसले.

"बाहेर ऊन असलं की बरं असतं," ते म्हणाले. "आत आलं की धूर. रंग नाहीत, राख नुसती. मागच्या दिवाळीच्या आधीपासून आहे."

"ह्यांना का नाही सांगितलं?"

"श्रीरंगला? तो मला दवाखान्यात घेऊन जाईल. तुला ठाऊक नाही, माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला. आणि दवाखान्यातून आलो तरी हा मला घरी बसवील. त्याला तेच पाहिजे. मी घरी बसून काय करू? गवारीच्या शेंगा मोडू?"

मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू, खूप आली. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आण्णा, एमरी तुमच्या बोटाने पावडरीत जातेय. मी जुन्यासारखे डबे आणते. वेगवेगळे. कुणाला काही सांगायला नको. पावडर नवी मागवू. पण शालनला तेवढं सांगा, तुझी चूक नव्हती म्हणून."

"सांगतो."

"आज?"

"संध्याकाळी. श्रीरंग आला की निघताना सांगतो. तोपर्यंत तू बोलू नको. माझं मला बोलू दे."

मी विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता, सासऱ्याच्या शब्दावर नाही ठेवायचा तर कुणाच्या? मी बाहेर जाऊन शालनला म्हणाले, "संध्याकाळी आण्णा बोलणार आहेत. काळजी करू नको." ती मला म्हणाली, "वैनी, तुमचा चेहरा काय निराळंच सांगतुय."

संध्याकाळी श्रीरंग कारखान्यातून परस्पर वर्कशॉपात आला, रोजच्यासारखा, आण्णांना घरी न्यायला. दिवे लावलेले होते. आण्णा मधल्या खोलीत काठीला हात टेकून उभे होते. शालन शेडच्या दारात.

"शालन," आण्णा म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

मला आधी वाटलं, वाक्य अजून संपलेलं नाही. पुढे काहीतरी येणार. पण पुढे आलं ते असं, "तुझा हात चांगला आहे, पण शिस्त नाही. इथे शिस्तीशिवाय चालत नाही. मी रोपांच्या नर्सरीत सांगून ठेवतो, तिथे तुला घेतील."

आणि ते माझ्याकडे वळले. दिसत नव्हतं तरी माझ्याकडे वळले. त्यांची खात्री होती, ही बोलणार नाही. नवऱ्यासमोर, बाहेरच्या बाईसमोर, सून सासऱ्याला उघडं पाडणार नाही. दुपारी मी दया दाखवली होती, ती त्यांनी नीट मोजून घेतली होती.

शालनने पदर सोडला, डोक्याचं फडकं सोडलं, ते घडी करून खांद्यावर टाकलं.

"आण्णांना दिसत नाही," मी म्हणाले.

"काय?" श्रीरंग म्हणाला.

"आण्णांना दिसत नाही. लेबलं वाचता येत नाहीत. ते बोट घालून बघतात कुठल्या बरणीत काय आहे, आणि त्याच बोटाने एमरी पावडरीत जाते. शालनचा काही संबंध नाही. मी आज बघितलं. आण्णांनाही माहीत आहे, मी दुपारीच सांगितलंय त्यांना."

"उज्ज्वला!" श्रीरंग ओरडला. "काय बोलतेस तू? आण्णा, काय म्हणतेय ही?"

"खोटं बोलतेय," आण्णा म्हणाले.

किती सरळ म्हणाले! मी फळीकडे गेले, हाताला आली ती बरणी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मग सांगा, ही कुठली?"

श्रीरंग मध्ये यायला लागला आणि थांबला. मला वाटतं, त्यालाही आता जाणून घ्यायचं होतं. आण्णांनी मान ताठ केली. बरणीकडे बघितलं. छापील आकडे एवढे मोठे, की मला दारातूनही वाचता आले असते. आण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, बोट पुढे झालं, झाकणाशी येऊन थांबलं आणि परत खाली गेलं.

"वैनी, ठिवा ती बरनी," शालन म्हणाली.

"नाही. सांगू दे त्यांना."

"ठिवा म्हनती ना! ल्योकासमुर म्हाताऱ्या मानसाची परीक्षा घेताय व्हय? शोभतंय का तुमाला? मला जायाचंय ते मी जाती. माज्यापायी आसलं काय करू नगा."

ती रागावली होती, आणि तो राग माझ्यावर होता. मला काही सुधरेना. जिच्यासाठी मी भांडत होते, तीच मला झापत होती. मी बरणी खाली आणली.

"थांब," आण्णा म्हणाले.

ते कुणाला म्हणाले, कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या हातातली बरणी घेतली आणि शालनच्या आवाजाच्या दिशेने धरली.

"शालन, तू वाच."

ती जागची हलली नाही.

"वाच काय लिहिलंय. मला दिसत नाही."

श्रीरंग बाजूला सरला. शालन पुढे आली. शेडमधून मधल्या खोलीत, धुळीच्या पायांनी. तिने बरणी घेतली, दिव्याखाली नेली, झाकण उघडून आत बघितलं. ती शाळा फारशी शिकलेली नव्हती, पण आकडे वाचायची आणि रंग तर सगळ्यांनाच कळतात.

"गुलाबी हाय," ती म्हणाली. "आन् मधी काळं ठिपकं हायत. ही सगळी टाकून द्याय लागंल."

"टाक," आण्णा म्हणाले.

"दुपारी कळलं हुतं न्हवं तुमाला, आण्णा?" शालन बरणी हातात धरूनच म्हणाली. "मग आत्ता मला कशापायी काढलंत?"

आण्णा काठीची मूठ चाचपत राहिले.

"तुमी मला ठिवलंत तरी उद्या यायाचं का न्हाई, ते आता मी ठरवनार," ती म्हणाली. तिने बरणी बाहेर नेली, पावडर गेटाशी मातीत ओतली आणि तशीच निघून गेली.

त्या रात्री मला झोप नव्हती. आण्णांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता आणि शालनची पाठही. मी बरोबर केलं की चूक केलं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही श्रीरंगशी ह्यावरून वाद होतो, आणि आजही आम्ही दोघं शेवटी उठून आपापल्या कामाला लागतो.

सकाळी उठून बघते तो आण्णा घरात नाहीत. श्रीरंगची धांदल उडाली. आम्ही दोघं वर्कशॉपाकडे पळतच गेलो. आण्णा गेटाशी दगडावर बसलेले होते, आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. एकटे कसे आले होते, देव जाणे. तोंड रस्त्याकडे.

"कोण?" पावलांचा आवाज आला तसं त्यांनी विचारलं.

"आम्ही आहोत, आण्णा. घरी चला."

"नाही. बसतो इथेच."

श्रीरंग त्यांच्याशेजारी मातीतच बसला. मी उभी राहिले. रस्त्याने दूधवाला गेला. "कोण?" आण्णा म्हणाले. साखर कारखान्याची माणसं गेली, कॉलेजची पोरं गेली, एक बाई डोक्यावर वैरण घेऊन गेली. प्रत्येक पावलाला आण्णा मान वर करायचे आणि "कोण?" म्हणून विचारायचे, आणि मी नाव सांगितलं की मान खाली घालायचे. ऊन चढलं. श्रीरंगची कामाची वेळ टळून गेली तरी तो उठला नाही. शालनची वेळ झाली, आणि तीही टळून गेली.

मग वळणावरून आणखी कुणाची तरी पावलं आली. भरभर येणारी, मध्येच थांबलेली, पुन्हा निघालेली. आण्णांनी ह्या वेळी काही विचारलं नाही. आयुष्यात मी त्यांना कुणासाठी जागचं हललेलं बघितलं नव्हतं. गावचे पुढारी आले तरी ते स्टुलावर बसूनच नमस्कार घ्यायचे. त्यांनी काठी जमिनीला टेकली, श्रीरंगच्या खांद्याचा आधार घेतला, टोपी सरळ केली आणि उभे राहिले.

शालन होती.